पिकअपची बॅटरी : कायमची तार आणि चावीवरची तार



ऊस विकास विभागाने बेणे-खत सोडून गाडीच्या तारांवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण सांगतो. उसात आंतरपीक म्हणून भाजी घेणारे आपले काही सभासद पिकअपने माल बोईसर-तारापूरकडे नेतात. गेल्या थंडीत त्यांतल्या एकाची गाडी रात्री बोईसरला उभी राहिली. हौद्यातला दिवा रात्रभर चालू राहिला. पहाटे चावी फिरवली तर नुसती टिकटिक! माल उशिरा पोचला, कोथिंबीर मिळेल त्या भावाने द्यावी लागली. पुढे आम्ही बोनेट उघडून पाहिले, तर दिवा, पंखा, टेप, चार्जर सगळेच थेट बॅटरीला जोडलेले आणि एकाही तारेत फ्यूज नाही. नुसती बॅटरी उतरली हे नशीबच. तार तापून गाडी पेटली असती.

हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. दहा तासांत ४५ अँपिअर-अवर गेले. ७० अँपिअर-अवरच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवायला काय उरणार?

म्हणून दोन प्रकारच्या तारा वेगळ्या ठेवाव्यात. गाडी बंद असतानाही ज्याला वीज लागते त्यालाच कायमची तार द्यावी, म्हणजे टेपची आठवण आणि जीपीएस. टेपला बहुधा पिवळी तार कायमची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची असते. पुष्कळ मिस्त्री पिवळी-लाल एकत्र पिळून मोकळे होतात, तिथेच घोटाळा होतो. जीपीएस थोडी वीज खाते, पण ५० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला ३६ अँपिअर-अवर होतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

पंखा, चार्जर आणि दिवे चावीवर घ्यावेत. पण मोठ्या दिव्यांचा भार चावीच्या स्विचवर टाकू नये, रिले लावावा. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आपण जाणतोच : बोटाने दाबायचे बटन हलके, मोटारीचा भार आतला काँटॅक्टर सोसतो. रिले तसाच. त्याच्या ३० क्रमांकाला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी तार, ८७ ला दिवा, ८६ ला चावीवरची बारीक तार आणि ८५ ला अर्थ. चावी काढली की दिवा आपोआप बंद.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण तो दिव्यासाठी नसून तारेसाठी असतो. असे दोन दिवे मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर घेतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणारे अजूनही भेटतात! पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी बूच घालावे, नाहीतर पत्रा तारेचे आवरण कापतो.

बोईसरकडे वारंवार जाणाऱ्यांनी आणखी एक बघावे. तिकडची हवा समुद्राची, खारी. जोडावर हिरवी-पांढरी बुरशी धरते आणि दिवा मंद होतो. अर्थचा जोड रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळावा, वर पेट्रोलियम जेली लावावी. रिलेचे पाय खाली तोंड करून बसवावेत, म्हणजे पाणी साचत नाही.

नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक असतो. त्याच्या तारा कापू नयेत. कोणतेही काम करताना आधी ऋण तार सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.