पुण्याहून एका दिवसाची मुंबई: मित्रमंडळींसह, पायी

एका दिवसात मुंबई 'करून' यायची म्हणून निघालेली मंडळी बहुतेक वेळा दिवसाचा मोठा भाग टॅक्सीत आणि सिग्नलवर घालवतात. सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, गेटवे, जुहू अशी यादी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात ही ठिकाणं शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली आहेत. त्यापेक्षा मुंबईचा एकच तुकडा निवडावा आणि तो पायी पाहावा. पहिल्या खेपेसाठी सर्वांत चांगला तुकडा म्हणजे सीएसएमटी ते मरीन ड्राइव्ह. सगळं एकमेकांच्या चालत्या अंतरावर आहे, बरंचसं फुकट पाहता येतं, आणि चालताना गप्पा होतात. मित्रांबरोबर जायचं ते त्यासाठीच.

काय लागेल

माणसं: चार ते सहा. रेल्वेच्या एका ऑनलाइन तिकिटावर सहाच जणांचं आरक्षण होतं, आणि हॉटेलात सहा जणांना एकत्र टेबल मिळतं. त्याहून जास्त झाले की रस्ता ओलांडतानाच दोन गट पडतात.

दिवस: शनिवार. आठवड्याच्या मधल्या दिवशी लोकलला गर्दी जास्त असते. रविवारी फोर्ट शांत असतो, पण तिथली बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात आणि लोकलवर मेगाब्लॉक असतो.

महिने: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यातल्या घामट दुपारी हा रस्ता चालवत नाही.

सामान: पायात रुळलेले बूट, प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी, एक पॉवर बँक आणि सुट्टे पैसे. पाठीवर एक हलकी सॅक पुरे.

पूर्वतयारी

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डेक्कन क्वीनची शनिवारची तिकिटं लवकर संपतात, म्हणून तारीख ठरली की त्याच दिवशी तिकिटं काढा. 'बघू, सगळ्यांचं नक्की होऊ दे' म्हणत थांबलात तर बेत हमखास बारगळतो. ज्यांचं नक्की आहे त्यांची काढून टाका. बाकीचे आपोआप लवकर ठरवतात.

परतीसाठी दादरहून पुण्याला येणारी एसटीची शिवनेरी रात्री साडेआठच्या आसपासची पकडा आणि तिचंही आरक्षण आधीच करा. डेक्कन क्वीन संध्याकाळी पाचच्या सुमारास सीएसएमटीहून परत निघते. तिने यायचं ठरवलं तर सूर्यास्त हुकतो, आणि सूर्यास्त हाच या दिवसाचा कळस आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते आरक्षण करताना लक्षात ठेवा. गाडी स्वारगेटला जाते की पुणे स्टेशनला, तेही तेव्हाच पाहून घ्या.

दोन कामं दोघांना वाटून द्या. एकाने पैसे सांभाळायचे: सगळ्यांनी सुरुवातीलाच सारखी रक्कम त्याच्याकडे जमा करायची, दिवसभर त्यानेच खर्च करायचा आणि बसमध्ये हिशोब मिटवायचा. दर चहाला सहा जणांनी सहा फोन काढणं त्रासाचं असतं. दुसऱ्याने घड्याळ सांभाळायचं. तो 'निघूया' म्हणाला की निघायचं, त्यावर चर्चा नाही.

कृती

१. सकाळी सव्वासातला पुणे स्टेशनहून डेक्कन क्वीन पकडा. वेळ आदल्या दिवशी तपासून घ्या आणि अर्धा तास आधी फलाटावर पोहोचा. १ जून १९३० पासून ही गाडी धावते आहे आणि तिला स्वतःची डायनिंग कार आहे. नाश्ता घरी करू नका. गाडीतलं चीज टोस्ट, कटलेट किंवा ऑम्लेट घ्या. लोणावळा सुटलं की फोन बाजूला ठेवा. कर्जतपर्यंतचा घाट, बोगद्यांमागून बोगदे आणि मधूनच उघडणारी दरी डोळ्यांनीच पाहायची असते.

२. साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरलात की लगेच चालू पडू नका. स्टेशनातली स्वच्छतागृहं वापरून घ्या, बाटल्या भरा, मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून मागे वळून स्टेशनाकडे पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली; २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. फाटकाच्या दोन खांबांवर पाहा: एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती' उभी आहे. मग नजर खाली आणत भिंतीवरचे मोर, माकडं, पानंफुलं शोधा. इथे पंधरावीस मिनिटं द्या. पाठीमागची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ची.

३. दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे चालत निघा. इमारतींच्या कमानींखालून चाललात तर डोक्यावर सावली राहते. पंधरा मिनिटांत चौक येतो. इथे दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: १८६४चं फ्लोरा फाउंटन, आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, त्यामागे ही किंमत आहे. मराठी माणसाने या चौकातून नुसतं फोटो काढून पुढे जाऊ नये. हुतात्म्यांची नावं लिहिलेली आहेत, ती थांबून वाचा.

४. साडेबाराच्या आत जेवायला बसा. एकनंतर फोर्टमधल्या कचेऱ्या सुटतात आणि दारात रांगा लागतात. या भागात मंगलोरी पद्धतीची लंच होम आहेत. मासे खाणाऱ्यांनी सुरमई किंवा बांगडा, गस्सी आणि नीर डोसा मागवावा. शाकाहाऱ्यांसाठी उडुप्यांची थाळी जवळच मिळते. गटात दोन्ही प्रकारचे खाणारे असतील तर दोन्ही मिळणारं हॉटेल आदल्या दिवशीच हेरून ठेवा; भर दुपारी भुकेल्या पोटी सहा जणांचं एकमत होत नाही. जेवण बेतानेच करा, पुढे चालायचं आहे.

५. जेवणानंतर काळा घोडा. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये इथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. आज चौकात दिसतो तो स्वार नसलेला नवा घोडा २०१७चा. शेजारी डेव्हिड ससून ग्रंथालय आणि गल्लीत निळ्या रंगाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. जहांगीर कलादालनात प्रवेश फुकट आहे. आत जाऊन पाऊण तास चित्रं पाहा. चित्रकार बहुतेक वेळा दालनातच बसलेले असतात आणि विचारलं तर मनापासून बोलतात. संकोच करू नका.

६. शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. दुपारचं ऊन इथे टाळता येतं आणि स्वच्छतागृहंही चांगली आहेत. पूर्ण संग्रहालय पाहायला दिवस लागेल, म्हणून तळमजल्यावरचं शिल्पदालन आणि वरचं लघुचित्रांचं दालन एवढंच ठरवा, तासभर पुरतो. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी घुमटाची कल्पना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतली, आणि घुमटाखालचं लाकडी कमानींचं काम नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणून बसवलं. मध्यभागी उभं राहून ते कोरीव काम नीट पाहा. आपल्याकडच्या वाड्याचा एक भाग तिथे जपलेला आहे.

७. दहा मिनिटं चालून गेटवे ऑफ इंडिया. हीसुद्धा विटेट यांचीच वास्तू, १९२४ साली खुली झालेली. पंचम जॉर्ज राजाच्या १९११च्या भेटीची आठवण म्हणून ती बांधली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. इथे फोटोवाले आणि बोटवाले मागे लागतात. 'नको' एकदा स्पष्ट सांगा. घारापुरीला जायचा मोह होईल, पण बोटीचे जायचे-यायचे मिळून दोन तास आणि लेण्यांचा वेळ धरला तर अर्धा दिवस जातो. लेण्यांसाठी वेगळा दिवस काढा, सोमवार सोडून.

८. साडेतीन-चारला ओव्हल मैदानाकडे वळा. चालत वीस-पंचवीस मिनिटं. पाय बोलायला लागले असतील तर काळी-पिवळी करा. किमान भाडं ३१ रुपये आहे, मीटर टाकायला सांगा. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, शोधू नका. मैदानाच्या मधोमध जाणाऱ्या वाटेवर थांबा. पूर्वेकडे तोंड केलंत की उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. दानशूर प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव त्याला दिलेलं आहे. दोन्ही वास्तू १८७८च्या, टोकदार कमानींच्या. आता पाठ फिरवा: पश्चिमेला गोलाकार बाल्कन्यांच्या १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. पूर्वेच्या इमारती झाल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. पुढे बॅकबेत भराव पडला, जमीन तयार झाली आणि तिच्यावर पश्चिमेची रांग उभी राहिली. साठ वर्षांचं शहर एका मैदानाच्या दोन कडांना दिसतं. या दोन्ही रांगा मिळून २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. गवतावर बसून क्रिकेट बघत अर्धा तास गप्पा मारा.

९. चर्चगेटजवळ वीर नरिमन रस्त्यावर के. रुस्तमचं आइस्क्रीम खा. दोन पातळ वेफरच्या मध्ये जाडजूड चौकोनी वडी देतात. दोन्ही हातांनी धरून चारी बाजूंनी चाटत खायचं. बोलत बसलात तर मनगटापर्यंत ओघळ येतो.

१०. सव्वापाचपर्यंत मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जागा धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे मलबार हिलच्या आड न जाता थेट पाण्यात बुडतो. सूर्य गेला की लगेच उठू नका. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत थांबा, वळणावरची दिव्यांची माळ पूर्ण दिसते. कट्ट्याखालच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर कोणीही उतरायचं नाही. ते निसरडे असतात आणि भरतीत तिथून माणसं ओढली गेलेली आहेत.

११. पावणेसातला चर्चगेट. इथूनच गाडी सुटते म्हणून बसायला मिळण्याची शक्यता असते. मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडला चढलात तर उभंच राहावं लागेल. तिकिटं कट्ट्यावरून निघण्याआधी फोनवर काढून ठेवा. अंधेरी किंवा बोरिवली धीमी गाडी घ्या, विरार फास्टमध्ये शिरू नका: लांबचे लोक तिच्यावर अवलंबून असतात आणि दादरला दारापर्यंत येणंच कठीण होतं. मैत्रिणी महिला डब्यात जाणार असतील तर ते फलाटावरच ठरवा. प्रभादेवी आलं की उठून दाराकडे सरका आणि पुढच्याला 'दादर?' एवढंच विचारा; तो हो म्हणाला तर त्याच्यामागे उभं राहा, नाहीतर तो वाट देतो. कोणी चढायचा राहिला तर त्याने पुढच्या गाडीने यायचं आणि बाकीच्यांनी दादरच्या फलाटावरच थांबायचं. हा नियम सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवा.

१२. दादर पूर्वेला या, हलकं काही खा आणि गाडीच्या पंधरा मिनिटं आधी शिवनेरीच्या थांब्यावर हजर राहा. साधारण चार तासांत पुणं. हिशोब पनवेलच्या आत मिटवा, म्हणजे पुढे सगळ्यांना झोपता येतं.

बदल करायचा तर

पाऊस असेल तर ओव्हल वगळा, संग्रहालयाला दोन तास द्या आणि भरतीची वेळ पाहूनच मरीन ड्राइव्हला जा. बरोबर वयस्कर कोणी असेल तर काळा घोडा ते गेटवे टॅक्सीने जा. गाडीला उशीर झाला तर जहांगीर किंवा संग्रहालय यांपैकी एकच पाहा. जेवण आणि सूर्यास्त यांच्या वेळांना हात लावू नका. सगळ्यांनी सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं, हे मात्र कुठल्याही ऋतूत बदलायचं नाही.

या दिवसात सिद्धिविनायक, जुहू, राणीची बाग राहून जातात, आणि ती राहू द्यावीत. दादर-गिरगावचा एक दिवस, घारापुरीचा एक, भायखळ्याचा एक असे पुढचे बेत त्यातूनच होतात. मित्रांशी बोलायला 'भेटू एकदा'पेक्षा तारीख जास्त उपयोगी पडते. आजच एक शनिवार ठरवा आणि तिकिटं काढा.