आधी घरच्या बोलीत सांग

बेटा, पेन्सिल जरा खाली ठेव. वेगाचं गणित आधी तोंडाने सोडवायचं असतं. प्रश्न मोठ्याने वाच, मग मला आपल्या घरच्या मराठीत सांग: कोण कुठून निघालं, कुणीकडे चाललंय, कुणाला कोण दिसतंय. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या या ओसरीवर जी जी पोरं परीक्षेची वही घेऊन बसली, त्यांना मी हेच सांगत आलो.

तुमचे पेपर हिंदीत. हिंदीतलं ‘पार करना’ खांबाला चालतं, पुलाला चालतं, समोरून येणाऱ्या गाडीला चालतं आणि पुढे धावणाऱ्या गाडीलाही चालतं. आपण मराठीत तसं बोलत नाही. पूल ओलांडतो, पुढच्याला मागे टाकतो, आणि समोरून आलेला आपल्या बाजूने निघून जातो. म्हणून ‘पार’ दिसलं की थांब आणि त्या जागी आपलं क्रियापद घाल. ‘मागे टाकली’ बसलं तर वेगांची वजाबाकी, ‘समोरून आली’ बसलं तर बेरीज. दोन्ही बसत असतील, तर प्रश्नाने दिशाच सांगितलेली नाही हे तुला तिथेच कळेल.

आता लांबीचं. या मागावरच्या दोन कांड्या घे. फरशीवर समोरासमोर धर, टोकाला टोक लागलं की हळूहळू सरकव. शेपटीपासून शेपटी सुटेपर्यंत बघत राहा. सरकलेलं अंतर किती झालं? दोन्ही कांड्यांची मिळून लांबी. आता एका कांडीच्या टोकावर मुगाचा दाणा ठेव, तो खिडकीतला प्रवासी. त्याच्यापुढून फक्त दुसरी कांडी जाते. समज, तुझी गाडी 150 मीटरची, वेग ताशी 72 किलोमीटर. समोरची 180 मीटरची, वेग ताशी 36. बेरीज 108, म्हणजे सेकंदाला 30 मीटर. गाड्या एकमेकींना ओलांडायला 11 सेकंद लागतील, पण खिडकीत बसलेल्या तुझ्यापुढून ती गाडी 6 सेकंदांत निघून जाईल. पेपर काढणारा दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवतो. प्रश्न गाडीबद्दल आहे की प्रवाशाबद्दल, त्या शब्दाखाली रेघ मार.

वेळेच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका भरतीच्या पेपरात असंच गणित होतं, आकडे आपल्या गावाचे घालून सांगतो. खंडवा ते भुसावळ सव्वाशे किलोमीटर धर. खंडव्याहून सातला एक गाडी निघाली, भुसावळहून साडेसातला दुसरी, दोघींचा वेग ताशी 50. किती वेळाने भेटतील? पहिली अर्ध्या तासात 25 किलोमीटर आली, उरले 100, दोघी मिळून ते एका तासात कापतात. म्हणजे साडेआठला भेट, आपल्या बऱ्हाणपूरच्या स्टेशनावरून रावेरकडे जरा सरकून. पण ‘किती वेळाने’ ते कुणाच्या निघण्यापासून? पहिलीच्या हिशेबाने दीड तास, दुसरीच्या हिशेबाने एक. पर्यायांत दोन्ही होते. मी दीडवर खूण केली, उत्तरात एक धरला होता. त्या गुणाची हळहळ मला अजून आहे. तेव्हापासून मी अशा गणितात आधी घड्याळातली वेळ काढतो, साडेआठ, आणि मग कुठून मोजायचं ते बघतो. दोन अर्थ निघाले तर दोन्ही उत्तरं काढ. पर्यायांत एकच असेल तर काम झालं. दोन्ही असतील तर वाक्यात शेवटी जी गाडी निघाली तिच्यापासून मोज, आणि उत्तरतालिका लागली की मुदतीत हरकत नोंदव. लेखी पेपर असेल तर ‘दुसरी गाडी निघाल्यापासून’ एवढी ओळ उत्तरावर लिही. ज्याने प्रश्न नीट वाचला, त्याच्यावर अन्याय होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तापीचं गणितही तसंच. ‘नाव ताशी 8 किलोमीटरने धारेविरुद्ध गेली, धार ताशी 2 ची.’ हे 8 संथ पाण्यातले की काठावरून मोजलेले? राजघाटाच्या पायरीवर उभं राहून बघितलं तर 6 दिसतील की 8? बहुतेक पुस्तकं नावेचा वेग संथ पाण्यातला धरतात, पण इथे ‘गेली’ म्हटलंय. काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि ‘तिप्पट वेग’ व ‘तिपटीने जास्त वेग’ यांत घसरू नकोस. 20 ची तिप्पट 60, पण तिपटीने जास्त म्हटलं की कुणी 60 धरतो, कुणी 80.

प्रश्न कसा विचारावा हे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त बघ. ग्रंथ 1150 चा. त्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्याच खानदेशात, चाळीसगावाजवळ पाटणला आहे. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप बिळापासून सत्तावीस हातांवरून येतोय, मोर तिरपी झेप घेतो. दोघांची चाल सारखी, हे आचार्यांनी प्रश्नातच सांगून टाकलंय. ते नसतं तर उत्तरच निघालं नसतं. बिळापासून बारा हातांवर गाठ पडते: साप पंधरा हात चालला, मोरही पंधरा हात उडाला.

चल, आता तुझ्या वहीतला तो सातवा प्रश्न पुन्हा वाच. मोठ्याने वाच, बाहेर मागांची खटखट चालू आहे.