मुलांचे ताट आणि आपले शेत



रिद्धपूर, मोर्शी, चांदूरबाजार या भागात पीक पाहणीच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते. कपाशीवरील बोंडअळी आणि संत्र्यावरील डिंक्या रोगाची चर्चा आटोपली की घरातील भगिनींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, "सर, पोट्टं काहीच खात नाही. भाजी दिसली की तोंड फिरवते, नुसते बिस्किटाचे पुडे मांगते." ही तक्रार वरवर पाहता कृषिविद्येच्या कक्षेबाहेरची वाटते. परंतु मुलाला कोणत्या चवी माहीत होणार हे बऱ्याच अंशी आपल्या पेरणीवरून ठरते. म्हणून या विषयाचा विचार स्वयंपाकघराबरोबरच शेताच्या बाजूनेही करणे आवश्यक आहे.

मूल नवीन पदार्थ का नाकारते?

साधारणपणे २ ते ६ वर्षे या वयात मुले नवीन पदार्थ चटकन तोंडात घालत नाहीत. हा केवळ हट्ट नसून निसर्गाने दिलेले संरक्षण आहे. मूल चालू-फिरू लागते तेव्हा दिसेल ते पान, फळ तोंडात घातल्यास विषबाधेचा धोका असतो. म्हणून ओळखीचे तेवढेच खावे, अशी त्याची प्रवृत्ती असते. गोड चवीची आवड जन्मजात असते, तर कडू चवीबद्दल नावड असते. मेथी, कारले किंवा घोळाची भाजी पहिल्याच घासाला आवडावी ही अपेक्षा त्यामुळे योग्य नाही.

मात्र आवड शिकवता येते. एखादा पदार्थ थोड्या प्रमाणात, जबरदस्ती न करता, वेगवेगळ्या दिवशी १० ते १५ वेळा चाखायला मिळाला की बहुतेक मुले तो स्वीकारू लागतात, असे संशोधनात आढळून आले आहे. आपण बहुधा दोन-तीन वेळा देऊन "त्याला आवडत नाही" असा निकाल देतो आणि ती भाजी त्याच्या ताटातून कायमची जाते.

ताट अरुंद कसे झाले?

पूर्वी वऱ्हाडातील शेतात एकच पीक क्वचितच असे. ज्वारीत मूग, उडीद; कपाशीत तुरीची तासे; धुऱ्यावर अंबाडी, तीळ आणि बरबटी. पहिल्या पावसानंतर तरोटा, चिवळ, घोळ या रानभाज्या आपोआप उगवत. त्यामुळे घरातील मूल वर्षभरात किती तरी चवी न शिकवता शिकत असे. आषाढात तरोटा, श्रावणात बरबटीच्या शेंगा, दिवाळीनंतर हुरडा, हिवाळ्यात अंबाडी आणि कळण्याची भाकर हा क्रम घराघरांत ठरलेला होता.

१९९० नंतर सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले आणि ज्वारी, मूग, उडीद मागे पडले. सोयाबीनने हाती पैसा दिला, हे मान्य करावे लागेल. रोही व रानडुकरांचा त्रास, मजुरीचा खर्च आणि बाजारभाव ही ज्वारी सोडण्याची कारणेही खरी आहेत. तणनाशकांमुळे तणांबरोबर शेतातील रानभाज्याही गेल्या. परिणाम असा झाला की ज्या घरी शेती आहे त्या घरीसुद्धा धान्य, डाळ व भाजी विकत येते, आणि विकत आणताना आपण ठरावीक चार-पाच वस्तूच आणतो. जी चव घरात नाही, ती मुलाला आवडणार कशी?

हा प्रश्न गंभीर का आहे?

२०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी आहारातील लोहाची कमतरता हे त्यांतील प्रमुख आहे. रक्तक्षय असलेले मूल लवकर थकते, अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही आणि त्याची भूकही मंदावते. म्हणजे न खाल्ल्याने रक्त कमी आणि रक्त कमी म्हणून आणखी न खाणे, असे हे चक्र आहे.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह आणि १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पॉलिश केलेल्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी आणि तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमच्या आत असतात. मुलाचे जेवण भाकरीवरून नुसत्या साध्या भातावर आले की किती फरक पडतो, हे यावरून लक्षात येईल. त्यातच सकाळी चहा आणि टोस्ट देण्याची सवय घराघरांत आहे. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीराला नीट मिळत नाही आणि भूकही मरते. लहान मुलांना चहा देऊ नये, हा या लेखातील सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

उलट 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य व भाजीपाल्यातील लोह शोषले जाण्यास मदत होते. आपला भाग तर संत्र्याचा आहे. आंबिया बहाराची फळे हिवाळ्यात आणि मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. व्यापारी बाजूला काढतो ती बारीक फळेसुद्धा गुणाने कमी नसतात. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच अर्धे संत्रे मुलाच्या हाती द्यावे. संत्र्याचा हंगाम नसताना वरणावर किंवा भाजीवर लिंबू पिळावे. लिंबू ताटात वाढल्यावर पिळावे, कारण शिजवताना 'क' जीवनसत्त्व नष्ट होते.

एक जुना प्रयोग

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून काही वर्षे १५ बालकांवर एक प्रयोग केला. नुकती अंगावरून सुटत असलेल्या या बालकांपुढे धान्य, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस असे साधे पदार्थ ठेवले जात. त्यांतून काय आणि किती खायचे हे बालकानेच ठरवायचे. दाईने आग्रह करायचा नाही. एकूण यादी ३४ पदार्थांची होती. प्रत्येक बालकाची निवड वेगळी होती, तरीही सर्वांची वाढ चांगली झाली. यावरून "मुलांना हवे ते खाऊ द्यावे" असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्या यादीत साखर, मिठाई किंवा मैद्याचा एकही पदार्थ नव्हता. निवड मुलांची होती, पण यादी मोठ्यांनी ठरवली होती. आपणही हेच तत्त्व पाळावे. काय शिजवायचे आणि केव्हा वाढायचे हे आईवडिलांनी ठरवावे; किती खायचे हे मुलावर सोडावे.

घरी अमलात आणावयाच्या बाबी

१. जेवणाच्या वेळा ठरवाव्यात. तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा खाऊ पुरेसा आहे. जेवणापूर्वी दीड तासात पुडा, चहा किंवा पेलाभर दूध देऊ नये. भूक नसलेल्या मुलाला कोणतीही नवी भाजी आवडत नाही.

२. नवीन पदार्थ नेहमी ओळखीच्या पदार्थासोबत, एक-दोन चमचेच वाढावा. ताटात ठेवलेल्या भाजीला मुलाने नुसता हात लावला, वास घेतला तरी ती एक पायरी समजावी.

३. नाकारल्यास रागावू नये. चार-पाच दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा थोडा वाढावा.

४. "भाजी संपव, मग चॉकलेट देतो" असे म्हणू नये. यामुळे भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस ठरते. नाक दाबून भरवणे तर पूर्णपणे टाळावे. अशी भरवलेली भाजी मूल मोठेपणीही खात नाही.

५. मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करू नये. भाजीत तिखट कमी घालावे आणि मोठ्यांनी ठेचा बाजूला घ्यावा. आजोबा आणि वडील अंबाडीची भाजी आवडीने खाताना दिसले की मूलही हात पुढे करते. वडीलच ताटातील भाजी बाजूला सारत असतील तर आईच्या सांगण्याचा उपयोग होत नाही.

६. "आमचं पोरगं खातच नाही" असे पाहुण्यांपुढे मुलाच्या देखत बोलू नये. मूल ते खरे करून दाखवते.

एकाच पदार्थाची अनेक रूपे

पुष्कळदा मुलाला चव नव्हे, तर पदार्थाचा चिकटपणा, रेषा किंवा गिळगिळीतपणा नको असतो. अशा वेळी रूप बदलून पाहावे.

भेंडी चिकट लागत असल्यास उभी चिरून, चिकटपणा जाईपर्यंत तव्यावर कुरकुरीत परतावी. अंबाडी आंबट लागत असल्यास ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून शिजवावी आणि थोडा गूळ घालावा. ज्वारीची भाकर चावायला कठीण वाटत असल्यास त्याच पिठाचे धिरडे किंवा थालीपीठ करावे. ज्वारीच्या लाह्या खाऊ म्हणून द्याव्यात. शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून पोळीच्या पिठात किंवा पातोडीत घालावा. उडीद नुसता आवडत नसल्यास ३ भाग ज्वारी व १ भाग सालीसह उडीद दळून कळण्याची भाकर करावी आणि तुपासोबत द्यावी. मुगाला मोड आणून वाफवावे व वरून सांभार आणि लिंबू घालावे.

पिठात पाला लपवून दिल्याने पोषण मिळते, पण त्या भाजीची ओळख होत नाही. म्हणून लपवलेल्या पदार्थासोबत तीच भाजी एक चमचा उघडपणेही ताटात असावी.

घरचे सोयाबीन वापरावयाचे असल्यास ते कच्चे दळू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. दाणे उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे शिजवून, उन्हात कडक वाळवून, ९ किलो गहू किंवा ज्वारीमागे १ किलो या प्रमाणात दळावे.

शेतात आणि परसात काय करावे?

संपूर्ण शेतात ज्वारी घ्या, असा आमचा आग्रह नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला दररोज एक वेळ भाकरीसाठी साधारण साडेपाचशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला २ क्विंटल ज्वारी लागते. एकरी ८ क्विंटल उत्पादन धरले तरी त्यासाठी १० गुंठे पुरतात. हा तुकडा घराजवळ किंवा राखण होईल अशा ठिकाणी ठेवावा. कोरडवाहू कपाशीत कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशी ६:१:२:१ ओळींची आंतरपीक पद्धत विद्यापीठाने शिफारस केलेली आहेच. उडदासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे विद्यापीठ यांनी मिळून विकसित केलेला आणि १९८५ मध्ये प्रसारित झालेला टीएयू-१ हा वाण आपल्या भागात चांगला परिचित आहे.

परसबागेसाठी १ गुंठा जागा पुरेशी आहे. पावसाळ्यात बरबटी, भेंडी, अंबाडी, दोडके. हिवाळ्यात मेथी, पालक, गाजर, मुळा, टमाटे, सांभार. उन्हाळ्यात चवळाई, काकडी व भेंडी घ्यावी. पालेभाज्या एकदम न पेरता दर १५ दिवसांनी एकेक वाफा पेरावा. कडेला शेवग्याची २, पपईची २ आणि लिंबू, पेरू (जांब) व गोडलिंबाचे प्रत्येकी १ झाड लावावे. शेवगा वरचेवर छाटून बुटका ठेवल्यास पाला हाताशी येतो.

त्यातील ३ फूट रुंद व १० फूट लांब वाफा मुलाच्या नावाने द्यावा. मुलांना धीर कमी असतो, म्हणून लवकर येणारी पिके निवडावीत. मेथी २५ ते ३० दिवसांत आणि मुळा ४० ते ४५ दिवसांत काढणीला येतो. पेरणे, पाणी देणे, खुडणे आणि निवडणे ही कामे मुलाच्या हातून झाली की ती भाजी त्याला परकी राहत नाही.

एक महत्त्वाची सूचना. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील रानभाज्या मुलांना देऊ नयेत. फवारणीच्या कपाशीत खाण्यासाठी बरबटी किंवा अंबाडी लावू नये. तिच्यासाठी परसबागेतील जागा राखावी. ओळख पक्की नसलेली रानभाजी आणू नये.

दवाखान्यात केव्हा दाखवावे?

वजन वाढत नसेल, डोळ्यांच्या आतील कडा व नखे पांढुरकी दिसत असतील, मूल माती किंवा खडू खात असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा अगदी मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. माती खाणे हे बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. अंगणवाडीत दरमहा वजन करावे आणि जंतनाशक गोळी चुकवू नये. ५ वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांचा कूट करून द्यावा.

समारोप

पिकाला पाण्याची एकच मोठी पाळी देण्यापेक्षा थोड्या अंतराने हलक्या पाळ्या दिलेल्या अधिक उपयोगी पडतात, हे आपण जाणता. मुलाच्या जिभेचेही तसेच आहे. थोडे द्यावे, पुन्हा द्यावे आणि घाई करू नये. येत्या हंगामाचे बियाणे खरेदी करताना सोयाबीनच्या पिशवीसोबत पावभर अंबाडी, थोडी बरबटी आणि दोन किलो ज्वारीचे बियाणे घरी आणावे. त्याचा भाव बाजार समितीच्या फलकावर दिसणार नाही. तो अंगणवाडीतील वजनाच्या नोंदीत आणि आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसेल.