बढतीची परीक्षा: एका उस्तादाचे अनुभव

१. परीक्षा हवीच. पलटणीत बढतीच्या कॅडरवर, म्हणजे बढतीआधीच्या प्रशिक्षणवर्गावर, उस्ताद म्हणून नकाशावाचन शिकवलं, तेव्हापासून माझं हे मत पक्कं आहे. एसीआरमध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात, साहेबांची मर्जी डोकावू शकते. सहा आकडी ग्रिड रेफरन्स मात्र बरोबर आला की बरोबरच, मग जवान कुणाच्या मर्जीतला असो वा नसो.

२. पण पेपर नेमकं काय मोजतो, हे बघायला हवं. जावळीकडच्या एका जवानाला नकाशावर दाटीनं आलेल्या कंटूर (समान उंचीच्या) रेषा दाखवल्या, तर तो चटकन म्हणाला, "उस्ताद, इथनं बैल उतरायचा नाही." उतार त्याला डोळ्यांपुढं दिसत होता. रात्री कंपासवर बेअरिंग धरून सेक्शनला ठिकाणावर न्यायचा तोच. पेपरात मात्र कंटूरची व्याख्या हिंदीत लिहायची होती. तिथं तो अडला आणि पाठांतर पक्कं असलेला पुढं गेला. हा निकाल मला आजही पटत नाही.

३. माप सगळ्यांना एकच लावलं म्हणजे न्याय झाला असंही नाही. माझ्या वेळी बीपीईटीत, म्हणजे लष्कराच्या शारीरिक क्षमता चाचणीत, पाच किलोमीटर सगळेच पळायचे, पण वेळ वयोगटाप्रमाणे ठरलेली असायची. त्याला कुणी सवलत म्हणत नसे.

४. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितीशा या महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणात अशा एकाच मापावर बोट ठेवलं. प्रश्न बढतीचा नव्हे, कायम कमिशनचा होता. पुरुष अधिकाऱ्यांची वैद्यकीय पारख नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी झालेली. महिलांना तोच निकष चाळिशी उलटल्यावर लावला. त्यांचे एसीआरही, पुढं संधीच नाही असं गृहीत धरून, निष्काळजीपणे लिहिले गेले होते. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निकालानं याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. वरवर निकष सगळ्यांना सारखाच होता!

५. आता पुन्हा जवानांच्या बढतीकडे. हुद्द्यावर नोकरीची वर्षं ठरतात. हवालदाराची फीत हुकली, तर त्याखालच्या हुद्द्यावरचा नायक लवकर घरी जातो, पेन्शनही कमी बसते. घरात तेव्हा पोरं शाळा-कॉलेजात असतात. म्हणून माझं म्हणणं असं: लेखी पेपर पास-नापासपुरता ठेवावा, क्रम मैदानावरच्या कामावरून लावावा, आणि नापास झालेल्याला त्याची उत्तरपत्रिका दाखवावी. कुठं चुकलं हेच कळलं नाही, तर पुढच्या कॅडरची तयारी त्यानं कशाच्या जोरावर करायची?