रोज दहा ओव्या

सज्जनहो, आपणां वारकऱ्यांच्या घरी ज्ञानेश्वरी असते. पण पुष्कळदा रुमालात बांधलेली. आपण फूल वाहतो, हात जोडतो, वाचायचे तेवढे राहून जाते! शके १२१२ त (इ. स. १२९०) माउलींनी नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो सर्वांना कळावा म्हणूनच ना? पुढे पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ त (इ. स. १५८४) नाथमहाराजांनी ग्रंथ शुद्ध केला. ते श्रम काय नुसत्या पूजेसाठी?

ग्रंथ सुमारे नऊ हजार ओव्यांचा. रोज दहा ओव्या अर्थासह वाचल्या तर अडीच वर्षांत पुरा होतो. आरंभी जुने शब्द अडतात, अडू द्यावेत. जाणत्याला विचारावे, सार्थ प्रत उघडावी. मग दिवा, समुद्र, आई-लेकरू असे ओळखीचे दृष्टान्त भेटू लागतात नि गोडी लागते. रागाच्या भरात एखादी ओवी आपण होऊन आठवते, जीभ आवरते. आम्हांस वाटते, वाचनाचा खरा लाभ तो हाच.

वाचताना मुलांना शेजारी बसवावे. आपण वाचले नाही, तर माउलींची भाषा त्यांना परकी होईल. तेव्हा रुमाल आजच सोडू या!