मेंढ्या सांभाळून 133 सामने: कॉलिन मीड्सकडून धंद्याचा धडा

आमच्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, घरची शेती सोडून पूर्णवेळ धंद्यात उतरू का?" व्हिडिओत मी याचं उत्तर घाईत दिलं होतं. आज जरा नीट बोलू, आणि त्यासाठी थेट न्यूझीलंडला जाऊ.

आपल्याकडे जसं क्रिकेट, तसं तिथे रग्बी. आणि त्या रग्बीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे कॉलिन मीड्स. जन्म 3 जून 1936. टे कूइटी नावाच्या छोट्या गावाजवळ घरच्यांची मेंढ्यांची शेती. आपल्या म्हसळा-तळ्यासारखाच डोंगराळ मुलूख समजा, फक्त भाताऐवजी गवत. सव्वासहा फुटांचा हा गडी 1957 ते 1971 न्यूझीलंडसाठी 133 सामने खेळला, त्यात 55 कसोट्या. भाऊ स्टॅन हाही देशाकडून खेळला. दोन्ही बगलांत एकेक मेंढी धरून कॉलिन टेकडी चढायचा, असं लोक सांगतात. थोडा मीठमसाला असेलच, पण मेंढ्या खऱ्या होत्या!

आता धंद्याचा मुद्दा. त्या काळात रग्बीत पगार नव्हता. पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली थेट 1995 मध्ये. म्हणजे मीड्स जगात नावाजला, पण घर चाललं शेतीवर. 1963-64 चा ब्रिटन-फ्रान्सचा दौरा बघा. छत्तीस सामने, चार महिने घराबाहेर. आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा, म्हणजे ऐन लोकर कापणीचे दिवस! मेंढी काही मालक परत येईपर्यंत थांबत नाही. मागे घरचे होते, कामाची घडी बसलेली होती, म्हणून तो जाऊ शकला.

आपल्या कार्ले-खंडाळ्याचा शेतकरी हेच करतो की. भात निघालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा, मग वेण्या बांधून रस्त्याच्या कडेला विक्री. एक उत्पन्न दुसऱ्याला हात देतं. म्हणून शेती "सोडू का" हा प्रश्नच मला पटत नाही. किती दिवस, कुणावर सोपवून, कोणत्या महिन्यात, हे विचारा. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचेस बंद झाल्या की गिऱ्हाईक रोडावतं, हे ठाऊक असूनही जूनमध्ये कर्ज काढून दुकान थाटणारे मी पाहिलेत.

दुखापतींचंही तसंच. 1970 मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका सामन्यात त्याचा हात मोडला, तरी त्याने तो सामना पूर्ण खेळला. लोक याचं फार कौतुक करतात. मला विचाराल तर धंद्यात हे करू नका. ताप अंगावर काढून दुकान उघडणं ही बहादुरी नाही. 1971 च्या शेवटी गाडीच्या अपघातात त्याच्या पाठीला जबर मार लागला आणि कसोटी कारकीर्द तिथेच संपली. शेत मात्र होतं. म्हणून रग्बी संपल्यावर "आता काय" असा प्रश्न त्याला पडला नाही.

पण मला या माणसात सगळ्यात जास्त शिकवतो तो एक वेगळाच किस्सा. शेतकरी, साधा, शब्दाचा पक्का म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास. त्यामुळे कंपन्या जाहिरातीला घ्यायच्या. त्यातली एक प्रोव्हिन्शियल फायनान्स. 2006 मध्ये ती कंपनी बुडाली आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. कंपनी काही त्याची नव्हती. चेहरा त्याचा होता.

हे वाचताना मला माझंच आठवलं. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाच्या आग्रहाने मी काउंटरवर एका ठेव योजनेची पत्रकं ठेवली होती. मला त्यात एक रुपया मिळत नव्हता. योजना बुडाली. एका जुन्या गिऱ्हाईक मावशींचे पंधरा हजार गेले. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, फक्त किराणा समोरच्या दुकानातून न्यायला लागल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. बीबीएला गुडविलवर मी पानंच्या पानं लिहिली होती, पण ते कसं जातं हे त्या महिन्यात कळलं. तेव्हापासून काउंटरवर फक्त मी विकतो तोच माल.

मीड्सचं नाव मात्र टिकलं, कारण त्यामागे पन्नास वर्षांचं वागणं होतं. 1999 मध्ये न्यूझीलंडने त्याला शतकातला सर्वोत्तम रग्बी खेळाडू ठरवलं, 2009 मध्ये 'सर' झाला. जून 2017 मध्ये टे कूइटीत त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा कॅन्सरने थकलेला मीड्स स्वतः हजर होता. दोन महिन्यांनी, 20 ऑगस्टला तो गेला.

आता तुमचा गृहपाठ. आज गल्ला मोजून झाला की वहीत लिहा: मी महिनाभर नसलो तर दुकान कोण उघडेल, माल कोण मागवेल, उधारीची वही कोण बघेल. तिन्ही ठिकाणी तुमचंच नाव आलं तर ती वही घेऊनच पुढच्या व्हिडिओला बसा, आपण तिथूनच सुरू करू.