छोट्या सदनिकेत मिनिमलिस्ट शैलींचा मेळ

मिनिमलिस्ट गृहसजावट, म्हणजे मोजक्या वस्तू, साध्या रेषा आणि मोकळी जागा यांवर उभारलेली रचना, ही एकच शैली नव्हे. निरनिराळ्या हवामानांत आणि गरजांतून घडलेल्या अनेक परंपरा त्या एका नावाखाली वावरतात, आणि मुंबई-पुण्याकडच्या सुमारे ४०० चौरस फुटांच्या सदनिकेत त्यांचा मेळ घालताना जे बिघडते, ते बहुधा हा भेद नजरेआड झाल्यामुळेच बिघडते.

उत्तर युरोपातील नॉर्डिक शैलीत भिंती पांढऱ्या आणि लाकूड बर्च किंवा पाइनसारखे फिकट असते, कारण तेथील लांबलचक हिवाळ्यात मिळेल तेवढा उजेड घरात खेळवणे भाग असते. जुन्या जपानी घराची धाटणी याच्या उलट असून तेथे शोजी, म्हणजे लाकडी चौकटीवर कागद लावून केलेली सरकती तावदाने, प्रकाश मंद करून आत घेतात, आणि रात्रीच्या गाद्या सकाळी कपाटात जात असल्यामुळे तीच खोली दिवसा मोकळी राहते. वायमार येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेने पुढे वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून आणि कारखान्यातील निर्मितीतून ठरावा, असा आग्रह धरला.

ही कारणे बाजूला ठेवून केवळ रूपे उचलली, तर त्रास राहायला गेल्यावर सुरू होतो. रहदारीच्या रस्त्यालगत उघड्या फळ्यांवर रोज धूळ साचते, ओल येणाऱ्या भिंतीचा पांढरा रंग पावसाळ्यात बुरशीने डागाळतो, लाकडाचे तंतू दाबून केलेले एमडीएफ पाण्याने फुगते, आणि जमिनीलगतच्या पलंगावरून उठताना गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांचे हाल होतात.

छायाचित्रांतील मोकळेपणाही पारखून घ्यावा. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने १९५१-५२ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतःसाठी उभारलेली, ३.६६ मीटर लांब-रुंद खोलीची लाकडी कुटी नेटकेपणाचा नमुना मानली जाते. मात्र तिच्यात स्वयंपाकघर नव्हते, कारण जेवणाची सोय शेजारच्याच उपाहारगृहात होती. धान्याचे डबे, पाहुण्यांची अंथरुणे आणि देव्हारा ज्या घरात आहेत, तेथे प्रथम सामानाची यादी करून छतापर्यंतची बंद कपाटे आणि पोटमाळा यांची आखणी करावी, व शैलीचा विचार त्यानंतर करावा.

मेळ घालताना एक शैली मुख्य मानून इतरांकडून एखादेच तत्त्व घ्यावे, आणि लादी, लाकूड व दिवे हे तीन धागे घरभर एकच ठेवावेत. लादी सहसा बदलता येत नसल्याने लाकडाची छटा तिच्याशी जुळवावी. ओट्याखाली बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही ज्याचे थर सुटत नाहीत असा प्लाय वापरावा. आणि २७०० केल्विनचा पिवळसर व ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश एकाच खोलीत मिसळू नये, कारण त्याने एकाच लाकडाच्या दोन छटा दिसतात. शक्य असल्यास भिंतीत पक्के बसवायचे सामान एक पावसाळा सरल्यावरच करावे, म्हणजे ओल कोठे येते आणि वारा कोठून वाहतो हे पाहून, परदेशी शैलीतले काय या घराला मानवेल, हे ठरवता येते.